थांबवलेले पाणी

कृष्णाकाठच्या एका शहरात एकेकाळी एक वृद्ध चित्रपट-संकलक राहत असत. नाव नेमिनाथ चौगुले, पण सारे गाव त्यांना अण्णा म्हणे. कॅमेरा जे टिपतो ते जसेच्या तसे प्रेक्षकांपुढे कधीच येत नाही. त्यातले काय ठेवायचे, काय गाळायचे, कशामागून काय लावायचे, हे संकलक ठरवतो. अण्णांचे सगळे आयुष्य याच कामात गेले होते. कोल्हापूर आणि मुंबईच्या स्टुडिओंत नाव कमावून ते उतारवयात गावी परतले, घराच्या माडीवर दोन संगणक मांडले आणि ज्याला शिकण्याची आच असेल त्याला शिकवू लागले.

त्यांच्याकडे रुबिना मुजावर नावाची एक मुलगी मिरजेहून रोज बसने येत असे. अण्णांना तिचे मनापासून कौतुक होते. तिचा हात चपळ होता, आणि दृश्यातले सौंदर्य हेरण्याची जी नजर शिकवून येत नाही ती तिला उपजत होती. तिला सर्वांत आवडे ती एकच युक्ती : धावते चित्र एका क्षणी जागच्या जागी थांबवायचे. नवरदेव घोड्यावरून उतरता उतरता थांबे, अक्षता हवेत थांबत, हसणारी करवली हसतानाच थांबे. मग आजूबाजूचे सारे करडे होई, ती व्यक्ती तेवढी रंगीत राही आणि शेजारी तिचे नाव उमटे. लोकांना हे फार आवडे. रुबिनाने केलेली लग्नाची फिल्म पाहिली की पाहुणेमंडळी तिचा पत्ता विचारीत.

अण्णा यावर फारसे बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "आमच्या वेळी एक चौकट थांबवायची तर निगेटिव्ह लॅबला पाठवावी लागायची. तिथं तेच एक चित्र पुन्हा पुन्हा छापून यायचं. यायला दिवस लागायचे. पाठवण्याआधी माणूस शंभरदा विचार करायचा."

"आता एक बटण दाबलं की झालं, अण्णा," रुबिना म्हणाली.

"हो. तेही चांगलंच आहे," अण्णा म्हणाले, आणि तो विषय तिथेच राहिला.

एका सकाळी सदाशिव माळवदे नावाचे हळदीचे व्यापारी माडीवर आले. पांढरे धोतर, डोक्यावर टोपी, चेहरा ओढलेला. त्यांची पत्नी विमल गेल्या हिवाळ्यात आजाराने वारली होती. गाव तिला अक्का म्हणत असे. ज्या काळात मुलींनी नदीत उतरणे लोकांना रुचत नव्हते, त्या काळात अक्काने घाटावर मुलींना पोहायला शिकवायला सुरुवात केली. कासोटा घातलेले लुगडे नेसून ती पहाटे पाण्यात उभी राही, आणि एकेका भेदरलेल्या मुलीच्या पोटाखाली हात धरून म्हणे, "पाणी तुला धरतंय. तू फक्त त्याला धरू दे." तिने शिकवलेल्या मुलींच्या मुलीही पुढे तिच्याकडेच शिकल्या. महापूर आला तेव्हा गळाभर पाण्यातून म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर काढणाऱ्यांत या मुली होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे अक्का होती. घाटाच्या कडेला एक जुना दगडी बुरूज आहे. दरवर्षी नारळी पौर्णिमेला अक्का त्यावरून नदीत उडी मारी, आणि ती उडी पाहायला सारा घाट भरून जाई.

तिच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी तिच्या पोहण्याच्या मंडळाने नदीकाठच्या कार्यालयात एक लहानशी फिल्म दाखवायचे ठरवले होते. मंडळाच्या मुलींनी आपापल्या फोनमधून आणि जुन्या कॅमेऱ्यांतून जे जे मिळाले ते गोळा केले होते. ते घेऊन सदाशिवशेठ आले होते.

"तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," शेठ म्हणाले. "माझं मागणं एकच आहे. बुरुजावरची तिची शेवटची उडी आहे त्यात. तेवढी वरच थांबवा. तिला खाली पडू देऊ नका."

अण्णांनी काही क्षण त्यांच्याकडे पाहिले. "बघतो," ते म्हणाले.

हे काम रुबिनाकडे आले आणि तिने त्यात जीव ओतला. मंडळातल्या एका मुलीने ती उडी नदीतल्या बोटीत बसून, घाटाकडे तोंड करून टिपली होती. अक्का बुरुजावर येते, पदर खोचते, आकाशाकडे पाहते आणि झेपावते. रुबिनाने ते दृश्य चौकटीचौकटीने पुढे सरकवले आणि तिला हवा तो क्षण सापडला. दोन्ही हात पसरलेले, करडी वेणी वर उडालेली, लुगड्याचा काठ वाऱ्याने ताणलेला, मागे कोवळे ऊन. एखादा मोठा पक्षी आभाळात स्थिरावावा तशी ती वयस्क स्त्री हवेत स्थिरावली होती. रुबिनाने ती तिथे थांबवली, आजूबाजूचे रंग हळूहळू उतरवले, खाली बासरीचे सूर सोडले आणि शेवटी नाव उमटवले.

तिने अण्णांना ते दाखवले.

"फार सुंदर आहे," ते म्हणाले. "मला स्वतःला ही चौकट सापडली असती की नाही, शंका आहे. मोठ्या कागदावर छापून घे. मंडळाच्या भिंतीवर शोभेल."

रुबिना मनातून सुखावली. पण दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा अण्णा तिच्या आधीच संगणकासमोर बसले होते. दोन्ही हात मांडीवर होते. मूळ चित्रण पडद्यावर चालले होते आणि ते नुसते पाहत होते. संपले की पुन्हा पहिल्यापासून लावीत. उडीचेच नव्हे, मंडळाकडून आलेले सारे चित्रण त्यांनी असे पाहिले. एकदाही मध्ये हात उचलून थांबवले नाही. रुबिनाला कंटाळा आला, पण गुरूपुढे बोलायचे कसे, म्हणून ती शेजारच्या संगणकावर दुसरे काम करीत बसली.

दुपारी ती डबा खाऊन परतली, तेव्हा तिने पाहिले ते असे : अण्णांनी तिची हवेतली चौकट काढून टाकली होती. बासरी नव्हती, करडा रंग नव्हता, नाव नव्हते. अक्का झेपावत होती, खाली येत होती, पाण्यात शिरत होती आणि दिसेनाशी होत होती. आणि नेमके तिथे, ती पाण्याखाली असताना, अण्णांनी चित्र थांबवले होते. पडद्यावर उरले होते ते फक्त पाणी, फेसाचे एक वर्तुळ आणि मागे माणसांनी भरलेल्या घाटाच्या पायऱ्या. पार्श्वभूमीला नदीचा आवाज तेवढा चालू होता.

रुबिना खुर्चीमागे उभी राहून पाहत राहिली.

"अण्णा, यात तर कुणीच नाही," ती म्हणाली.

"असं म्हणतेस?"

"नुसतं पाणी आहे. शेठ म्हणाले होते, तिला खाली पडू देऊ नका. तुम्ही तिला पाडलंत, आणि ती दिसेनाशी झाल्यावर थांबवलंत. त्या माणसाची बायको गेलीय, अण्णा. त्यांनी हे बघायचं?"

तिचा आवाज चढला होता. अण्णांना त्याचा राग आला नाही. ज्या शिष्येला परक्या माणसाच्या दुःखासाठी गुरूशी भांडावेसे वाटते, तिच्याविषयी त्यांच्या मनात आदरच वाढला असावा.

"तुझं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले. "त्यांना विचारल्याशिवाय हे कुठंही जाणार नाही. उद्या दुपारी त्यांना एकट्यालाच बोलावलंय. तोवर तू या चौकटीकडं जरा नीट बघ. पाण्याकडं नको, मागं बघ."

रुबिनाने खुर्ची ओढली आणि पाहू लागली. चालत्या चित्रात पायऱ्यांवरची माणसे तिला कधी दिसलीच नव्हती, कारण नजर अक्काबरोबर खाली येई आणि फेसात अडकून राही. आता चित्र थांबले होते, त्यामुळे तिला एकेक चेहरा पाहता आला. लहान मुलींनी तोंडावर हात धरले होते. एक बाई आपल्या मुलीचा खांदा घट्ट धरून उभी होती. साऱ्यांचे डोळे एकाच ठिकाणी खिळले होते. आणि सर्वांत वरच्या पायरीवर एक माणूस नदीकडे पाठ करून उभा होता. खांद्यावर पंचा होता आणि हातात बाईमाणसाच्या चपलांचा जोड होता.

"अण्णा, हे कोण?" तिने विचारले.

"कोण आहेत, त्याचा मला अंदाज आहे. पण सांगायचं तर त्यांनीच सांगावं."

दुसऱ्या दिवशी शेठ आले. अण्णांनी त्यांना मधल्या खुर्चीवर बसवले, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला आणि म्हणाले, "शेठ, तुम्ही सांगितलं होतं तसं आम्ही केलं होतं. या पोरीनं तर अप्रतिम केलं होतं. ते हवं असेल तर तेच देऊ. पण त्याआधी एक वेगळं बघा. मध्येच नको वाटलं तर हात वर करा, मी बंद करतो."

चित्र सुरू झाले. अक्का बुरुजावर आली. शेठनी खुर्चीचा हात धरला. ती झेपावली, तेव्हा त्यांची मान आपोआप एका बाजूला वळली. पुन्हा त्यांनी पडद्याकडे पाहिले तेव्हा तिथे फक्त थांबलेले पाणी होते.

मग शेठची नजर पाण्यावरून पायऱ्यांकडे गेली, पायऱ्या चढत वर गेली आणि तिथे थांबली.

"तो मी," ते म्हणाले.

"मला तसं वाटलंच होतं," अण्णा म्हणाले. "म्हणून तुम्हाला एकट्याला बोलावलं. तुम्ही नको म्हणालात तर हे चित्र या खोलीबाहेर जायचं नाही."

शेठनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला पोहता येत नाही," ते म्हणाले. "लहानपणापासून पाण्याचं भय. लग्न झालं तेव्हा हसायची मला. ती बुरुजावर चढली की मला बघवायचं नाही. घरी थांबावं तर तेही जमायचं नाही. मग तिच्या चपला घेऊन जायचो घाटावर आणि पाठ फिरवून उभा राहायचो. पोरींनी ओरडा केला की कळायचं, आली वर. मग वळायचो. तोवर ती पायऱ्यांपाशी पोचलेली असायची."

"म्हणजे त्या पाण्यातून वर येताना तुम्ही कधी…" रुबिनाने विचारले आणि ती मध्येच थांबली.

"नाही पोरी. एकदाही नाही. सगळ्या गावानं बघितलंय. मीच तेवढा नाही."

अण्णांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "पुढं चालू करू?"

शेठनी थांबलेल्या पाण्याकडे पाहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मान पुन्हा वळू पाहत होती, पण त्यांनी ती वळू दिली नाही.

"करा," ते म्हणाले.

अण्णांनी रुबिनाला खूण केली. तिने बटण दाबले.

पाणी हलले. फेस पसरला, आणि बुडाली होती त्याहून थोडे अलीकडे अक्काचे डोके वर आले. तिने दोन्ही तळव्यांनी चेहऱ्यावरचे पाणी निपटले. पायऱ्यांवर मुली ओरडत होत्या, टाळ्या पिटत होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिले नाही, बोटीतल्या कॅमेऱ्याकडेही पाहिले नाही. मान उंचावून तिने सरळ वरच्या पायरीकडे पाहिले. तिथे एक पाठ दिसत होती. ती पाठ पाहून ती हसू लागली. लहान मुलीसारखी, तोंड भरून. मग तिने हाताचा पंजा पाण्यावर आपटून त्या पाठीच्या दिशेने पाणी उडवले. ते तिथवर पोहोचणार नव्हते, हे तिला ठाऊकच असणार. तिचे ओठ हलले. गलक्यात शब्द ऐकू आले नाहीत, पण ती "अहो" म्हणाली हे कुणालाही कळले असते.

"परत लावा," शेठ म्हणाले.

रुबिनाने परत लावले. पाणी थांबले, मग हलले, आणि अक्का वर आली.

"ती माझ्याकडं बघतीय."

"मंडळानं दिलेलं सगळं चित्रण मी बघितलं, शेठ," अण्णा म्हणाले. "जिथं जिथं तुम्ही घाटावर आहात, तिथं तिथं त्या आधी तुमच्याकडंच बघतात. मग पोरींकडं."

शेठच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ते हसतही होते. "पाठमोऱ्याला हसायची," ते म्हणाले. "घरी येऊन एका शब्दानं बोलली नाही कधी. सगळं एकटीच बघून घ्यायची आणि चपला मागायची."

जाताना त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाले, "माझी पाठ राहू द्या त्यात. गावाला काय नवीन आहे? आणि वर थांबवा म्हणालो होतो, ते विसरा. तिला येऊ दे खाली."

ते जिना उतरून गेले. रुबिना अजून पडद्यापुढेच बसली होती.

"अण्णा, तुम्हाला हे कसं दिसलं? मी तर हे चित्रण तुमच्याआधी कितीतरी वेळा चालवलं होतं."

अण्णा तिच्या शेजारी बसले.

"चालवलं होतंस, पण शेवटपर्यंत नाही," ते सौम्यपणे म्हणाले. "तू तिला हवेत पाहिलंस, तुझं मन भरून आलं आणि तिथंच तू हात उचललास. त्यात चूक काही नाही. सौंदर्य दिसलं की माणूस थबकतोच. पण पुढं काय होतं ते तुझं बघायचं राहून गेलं. शेठचंही राहून गेलं होतं. त्यांचं भयामुळं, तुझं आनंदामुळं. चित्र थांबवणं म्हणजे बघणाऱ्याच्या हातात वेळ देणं आहे, रुबिना. तो वेळ कशासाठी द्यायचा, हे आपल्याला आधी ठाऊक हवं. आज अक्कांना मानणारा प्रत्येक जण त्या रिकाम्या पाण्याकडं बघत बसलाय. ते पाणी झाकून उपयोग नाही. ते त्यांना नीट बघू दे, एकमेकांचे चेहरे बघू दे. त्यानंतर त्या वर येतील. ती बाई आयुष्यभर नुसती उडी मारत नव्हती. दर वेळी वर येत होती."

वर्षश्राद्धाच्या दिवशी कार्यालय भरून गेले होते. अक्काच्या हाताखाली शिकलेल्या बाया, त्यांच्या मुली, पुरातून वाचलेली म्हातारी माणसे. पडद्यावर अक्का झेपावली आणि पाण्यात शिरली. पाणी थांबले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने लांब श्वास घेतला आणि तो तसाच धरून ठेवला. तिच्या शेजारची, तिच्या मागची, जिने जिने त्या नदीत कधी डोके बुडवले होते तिने तिने श्वास धरला होता. आणि पाणी हलून अक्का वर आली, तेव्हा साऱ्या सभागृहाने एकदमच श्वास सोडला. पाठमोरी आकृती पाहून कुणीतरी हसले, मग सगळेच हसले. शेठही हसत होते, आणि आजूबाजूचे लोक हात पुढे करून त्यांच्या खांद्याला स्पर्श करीत होते.

अक्का गेल्यापासून घाटावरचा वर्ग बंद पडला होता. शेठनीच मंडळाला म्हटले होते, आता नदीत कुणी उतरू नका. त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मंडळातल्या मोठ्या मुलींना जवळ बोलावले. वर्ग कधी सुरू करताय, एवढेच विचारले. रविवारी सकाळी मुली पाण्यात उतरल्या, तेव्हा ते खालच्या पायरीवर येऊन बसले. पाण्यापासून चांगले दूर, पण पाण्याकडे तोंड करून. एखादी मुलगी डोके बुडवी, तेव्हा त्यांच्या हाताची मूठ वळे, आणि तिचे डोके वर दिसेपर्यंत ते डोळे मिटत नसत.

रुबिना आजही संकलन करते, आणि आता तिच्याकडेही शिकायला मुले येतात. तिच्या फिल्ममध्ये चित्र क्वचितच थांबते. नवीन चित्रण हाती आले की पहिला दिवस ती दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती पाहत बसते. कुणी घाई केली तर म्हणते, "थांब, अजून संपलेलं नाही."

आपणही ज्या माणसाला एखाद्या क्षणात कायमचे पकडून ठेवू पाहतो, त्याला आधी त्या क्षणाच्या पलीकडे जाऊ द्यावे. वर आल्यावर तो कुणाकडे पाहतो, ते पाहण्यासाठी आपण तिथे असावे.